ई-पत्र अडले कुठे?

गेल्या वर्षीच्या जून महिन्यातली गोष्ट. एका रविवारी सकाळी महाविद्यालयाच्या पहारेकऱ्याचा मला फोन आला, "सर, फाटकाशी पाच पोरं उभी आहेत. शिबिर आहे म्हणतात." मी घाईने गेलो. त्या दिवशी पदार्थविज्ञानाच्या प्रयोगांचे एक शिबिर व्हायचे होते. परंतु इमारतीतील वीजजोडणीच्या कामामुळे आम्ही ते पुढच्या रविवारवर ढकलले होते. तसे ई-पत्र शिबिरातील सर्व ३८ विद्यार्थ्यांना बुधवारी दुपारीच धाडले होते. निदान मी तसे समजत होतो. बऱ्याच जणांना ही बातमी मित्रांकडून कळली, या पाचांना कळली नाही. त्यांतली एक मुलगी चंदगड तालुक्यातील एका खेड्याची. पहाटेची पहिली एसटी धरून, शंभर किलोमीटरांहून अधिक प्रवास करून ती आली होती.

मी खिशातला फोन काढला आणि 'पाठवलेली पत्रे' हा कप्पा उघडून तिला दाखवला. पत्र तेथे होते. तारीख, वेळ सगळे बरोबर होते. तिने ते वाचले आणि विचारले, "सर, पाठवले म्हणजे कुठपर्यंत पाठवले?"

विद्यार्थी मित्रांनो, वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसाला इतका नेमका प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. पुढे दोन आठवडे खटपट करून जे उत्तर हाती लागले, ते आज तुमच्यापुढे मांडतो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. बहुतेक लोकांची ई-पत्रे मोठमोठ्या कंपन्यांचे संगणक सांभाळतात. आमच्या विभागात मात्र आम्ही एका लहानशा संगणकावर स्वतःचे टपालघर चालवतो. हेतू एवढाच की, विद्यार्थ्यांना आतली यंत्रणा उघडून पाहता यावी. घड्याळ कसे चालते हे कळण्यासाठी त्याचे झाकण काढावे लागते, त्यातलाच हा प्रकार. या संगणकाचे नाव आम्ही 'रंकाळा' ठेवले आहे. अशा पत्रे नेण्या-आणण्याचे काम करणाऱ्या संगणकाला मेल सर्व्हर म्हणतात. आपण त्याला टपाल-संगणक म्हणू.

पत्राचा मार्ग

प्रयोगशाळेत बॅटरी, कळ, ॲमीटर, रोध आणि दिवा एकसर जोडणीत जोडले आणि दिवा लागला नाही, तर तुम्ही काय करता? सगळ्या तारा उपटून पुन्हा जोडणे हा एक मार्ग आहे. पुष्कळ विद्यार्थी तोच पत्करतात. शहाणा विद्यार्थी व्होल्टमीटर घेतो आणि मंडलाच्या मध्यावर तपासतो. येथपर्यंत विभवांतर ठीक असेल तर दोष पुढच्या अर्ध्यात, नसेल तर मागच्या अर्ध्यात. ई-पत्राच्या बाबतीतही हीच रीत चालते, मात्र त्यासाठी मंडल ठाऊक हवे.

तुम्ही 'पाठवा' हे बटण दाबता तेव्हा पत्र तुमच्या फोनमधून निघून आपल्याच टपाल-संगणकाकडे जाते. बस, इतकेच! 'पाठवलेली पत्रे' या कप्प्यात ते दिसते ते याच टप्प्यानंतर. म्हणजे आपण पत्र कोपऱ्यावरच्या पेटीत टाकले, एवढाच त्याचा अर्थ. टपाल-संगणक ते एका रांगेत ठेवतो. मग पत्त्यातील '@' या चिन्हापुढचे नाव, म्हणजे क्षेत्रनाम, घेऊन तो जगभर पसरलेल्या नामसूचीला विचारतो, "या नावाची पत्रे कोणता संगणक स्वीकारतो?" या नामसूचीला डीएनएस म्हणतात. टेलिफोन डिरेक्टरीत नावावरून क्रमांक सापडे, तसा तेथे नावावरून संगणकाचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, सापडतो. तो मिळाला की रंकाळा त्या संगणकाच्या पोर्ट क्रमांक २५ वर जोडणी मागतो. पोर्ट म्हणजे एकाच इमारतीला असलेली क्रमांकित दारे समजा. टपालाचे दार २५ क्रमांकाचे.

दार उघडले की दोन संगणकांत चक्क संभाषण होते आणि ते तुम्हालाही वाचता येते. त्याचा मराठी सारांश असा:

समोरचा: २२०. मी तयार आहे.
रंकाळा: नमस्कार, मी रंकाळा.
समोरचा: २५०. नमस्कार.
रंकाळा: हे पत्र अमुक पत्त्यावरून आले आहे.
समोरचा: २५०. ठीक.
रंकाळा: ते तमुक पत्त्यावर द्यायचे आहे.
समोरचा: २५०. ठीक.
रंकाळा: आता मजकूर देऊ?
समोरचा: ३५४. दे. संपला की एका ओळीत नुसते टिंब दे.
रंकाळा: (मजकूर, आणि शेवटी टिंब)
समोरचा: २५०. मिळाले.

या संभाषणाचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये लिहून प्रसिद्ध केले. त्यांना एसएमटीपी म्हणतात. नियमांत पुढे भर पडली, पण गाभा अजूनही तोच आहे. चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकलेली अशी गोष्ट संगणकाच्या दुनियेत शोधून काढावी लागते!

सारी मौज त्या तीन अंकी आकड्यांत आहे. पहिला अंक २ असेल तर काम झाले; ३ असेल तर 'पुढचे सांग'. दोष शोधणाऱ्याला महत्त्वाचे अंक ४ आणि ५. कोल्हापूरच्या वाचकांना यांतला फरक एका उदाहरणाने चटकन कळेल. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या महापुराचे पाणी शिरोलीजवळ आले आणि पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. त्या वेळी ट्रक रस्त्यावर थांबून होते. पाणी उतरले की ते पुढे जाणार होते. हा झाला ४ चा प्रकार: अडचण तात्पुरती आहे, नंतर पुन्हा ये. पण ज्या घराकडे माल न्यायचा ते घरच त्या गावात नाही, किंवा घरमालक म्हणतो 'तुमचा माल मला नको', तर पाणी उतरून काय उपयोग? हा ५ चा प्रकार: कायमचा नकार.

४ ने सुरू होणारे उत्तर मिळाले की टपाल-संगणक पत्र रांगेतच ठेवतो आणि ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आम्ही जी पोस्टफिक्स नावाची प्रणाली वापरतो, तिची नेहमीची मुदत पाच दिवसांची आहे. त्यानंतर ती हार मानते. ५ ने सुरू होणारे उत्तर मिळाले तर मात्र ती लगेच पाठवणाऱ्याला कळवते की पत्र गेले नाही. या कळवण्याला आपण परतपत्र म्हणू.

मग मला परतपत्रे का मिळाली नाहीत? मिळाली होती! शिबिराचे पत्र मी ज्या पत्त्यावरून धाडले, तो पत्ता केवळ सूचना पाठवण्यासाठी उघडलेला होता. तेथे आलेली पत्रे वाचण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती. म्हणजे परतपत्रांची पेटी मीच लावली होती, आणि तिला कुलूप घालून किल्ली हरवलीही मीच होती.

वाचने घेऊ

रंकाळा प्रत्येक पत्राचे काय झाले ते एका नोंदवहीत लिहीत असतो. सोमवारी सकाळी ती नोंदवही उघडून मी कागदावर तक्ता केला. प्रयोगवहीत करतो तसाच. अडतीस पत्रांपैकी ९ आमच्याच महाविद्यालयाच्या पत्त्यांवर होती. ती रंकाळाच्या बाहेर गेलीच नव्हती, म्हणून बिनचूक पोचली. बाहेर जायची होती २९. त्यांपैकी एका मोठ्या कंपनीच्या पत्त्यांवरची २१ पत्रे ५५० या आकड्याने नाकारली गेली होती. दुसऱ्या एका कंपनीकडची ५ पत्रे ४२१ हे उत्तर घेऊन रांगेत बसून होती; त्याच दुपारी त्यांचे पाच दिवस भरले आणि तीही परत फिरली. उरलेल्या ३ पत्रांपुढे मात्र २५० होते, म्हणजे 'मिळाले'.

या तिघांना मी फोन केला. तिघांनीही 'पत्र आले नाही' असेच सांगितले. नीट शोधायला लावल्यावर ते निरुपयोगी पत्रांच्या, म्हणजे स्पॅमच्या, कप्प्यात सापडले. येथे एक बारकावा ध्यानात घ्या. २५० याचा अर्थ 'पत्राची जबाबदारी मी घेतली' इतकाच आहे. ते समोर ठेवायचे की अडगळीत टाकायचे, हे समोरचा नंतर ठरवतो, आणि ते तो आपल्याला सांगत नाही.

तक्त्यावरून एक गोष्ट ताबडतोब कळली. फोनपासून रंकाळापर्यंतचा टप्पा ठीक आहे, नामसूचीतला शोध ठीक आहे, पोर्ट २५ वरची जोडणीही होते आहे. दोष संभाषणात आहे. समोरचा आपल्याला ओळखून नाकारतो आहे. मंडलाचा अर्धा भाग अशा रीतीने एका तक्त्याने निकालात निघाला.

(तुमच्यापैकी कोणी घरी असा संगणक मांडला, तर तुम्हाला बहुधा वेगळाच दोष पहिला भेटेल. घरगुती इंटरनेट जोडण्यांवर आणि भाड्याने मिळणाऱ्या पुष्कळ संगणकांवर पोर्ट २५ ने बाहेर जाण्याची वाट पुरवठादारानेच बंद केलेली असते. तेव्हा ५५० नाही, ४२१ नाही, काहीच उत्तर येत नाही. नोंदवहीत 'मुदत संपली' एवढेच दिसते. तेथे आपल्या संगणकाची कितीही डागडुजी करा, व्यर्थ आहे. पुरवठादाराला विचारले पाहिजे.)

वाट पाहण्याच्या मुदतीवरून एक गमतीदार गोष्ट आठवली. अमेरिकेतील ट्रे हॅरिस यांनी ती २००२ मध्ये लिहिली. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील एका विद्यापीठात ते टपाल-संगणक सांभाळत असताना संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी तक्रार केली की, आमची पत्रे ५०० मैलांच्या पलीकडे जात नाहीत! हॅरिस हसले, आणि तपासून पाहतात तो तक्रार खरी. संगणकावर नव्या मांडणीच्या जोडीला जुनी टपाल-प्रणाली बसली होती; तिने वाट पाहण्याची मुदत शून्य धरली होती आणि प्रत्यक्षात ती सुमारे ३ मिलिसेकंदांत जोडणी सोडून देत होती. आता गुणाकार करा: प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, तर ३ मिलिसेकंदांत ९०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ५६० मैल. पदार्थविज्ञानाचा मास्तर या नात्याने मला मात्र येथे आक्षेप आहे. संदेश जाऊन उत्तर परत यावे लागते, आणि काचतंतूत प्रकाशाचा वेग दोन-तृतीयांशच उरतो. तेव्हा ३ मिलिसेकंदांत पल्ला ३०० किलोमीटरच भरायला हवा; कोल्हापुरातून सरळ रेषेत मुंबईपर्यंत, त्यापुढे नाही. तपशिलात आपण थोडी सैल लेखणी चालवली, हे हॅरिस यांनीही मान्य केले आहे. पण संख्याशास्त्राच्या त्या प्राध्यापकांनी तक्रार करण्याआधी अंतरे मोजली होती, ही गोष्ट मला फार आवडते.

'तू कोण?' हा प्रश्न

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. समोरचा संगणक रंकाळाला का नाकारत होता?

वरचे संभाषण पुन्हा वाचा. 'हे पत्र अमुक पत्त्यावरून आले आहे' असे रंकाळा सांगतो आणि समोरचा 'ठीक' म्हणतो. पुरावा मागत नाही! अंतर्देशीय पत्राच्या पाठीवर पाठवणारा म्हणून कोणीही कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे. नियम लिहिले गेले तेव्हा त्यात वावगे काही नव्हते. जाळे लहान होते आणि त्यावरची माणसे बहुतेक विद्यापीठांतली होती. आपल्याकडे १९८६-८७ च्या सुमारास मुंबईतील जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईचे आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या साध्या तारेवरून ई-पत्रे जाऊ लागली, तेव्हा एक संगणक दुसऱ्याला फोन करी आणि साठलेली पत्रे त्याच्या हवाली करी. दोन्ही टोकांची माणसे एकमेकांना ओळखत होती. तेथे पुरावा मागणार कोण? १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले आणि मग आपल्याकडेही हे जाळे अनोळखी माणसांचे झाले.

खरे तर धोक्याची घंटा फार आधी वाजली होती. ३ मे १९७८ रोजी गॅरी थ्यूर्क या विक्री-अधिकाऱ्याने अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरच्या सुमारे चारशे लोकांना आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात एकदम धाडली. लोक संतापले. पुढे अशा पत्रांचा आणि खोट्या नावाने फसवणाऱ्या पत्रांचा महापूर आला. त्यावर उपाय म्हणून पत्र स्वीकारण्यापूर्वी ओळख पटवण्याच्या निरनिराळ्या पद्धती निघाल्या. त्यांतल्या तीन-चार तरी समजून घेऊ, कारण आमचे पत्र अडले ते येथेच.

पहिली एसपीएफ. क्षेत्रनामाचा मालक नामसूचीत एक जाहीर नोंद ठेवतो: 'माझ्या नावाची पत्रे फक्त या या आकडी पत्त्यांवरून निघतात, बाकी नाकारा.' समोरचा संगणक ही नोंद वाचतो आणि जोडणी कोणत्या पत्त्यावरून आली आहे ते ताडून पाहतो. पत्रात नाव खोटे लिहिता येते, पण ज्या पत्त्यावर उत्तरे परत यायची आहेत तो पत्ता खोटा देऊन संभाषण चालवता येत नाही. म्हणून ही कसोटी भरवशाची.

दुसरी डीकेआयएम. पाठवणारा संगणक पत्राच्या मजकुरावरून गणिताने एक संख्या काढतो. मजकुरातले एक अक्षर बदलले तरी ही संख्या पार बदलते. या संख्येवर तो आपल्या गुप्त किल्लीने सही करतो. सही तपासण्याची दुसरी किल्ली नामसूचीत सर्वांसाठी ठेवलेली असते. जुन्या काळी खलित्यावर लाखेची मोहर असे. मोहर शाबूत तर खलिता शाबूत. येथे मोहर नुसती कागदावर नाही, ती मजकुराशीच बांधलेली आहे.

तिसरी डीमार्क. लखोट्यावरचा पत्ता आणि आतल्या कागदाच्या मथळ्यावरचा पत्ता वेगळे असू शकतात, हे तुमच्या ध्यानात आले असेलच. एसपीएफ लखोटा पाहते, पण वाचणाऱ्याला दिसतो तो मथळा. डीमार्क म्हणते की, एसपीएफने किंवा डीकेआयएमने ज्या नावाची खात्री पटली, ते नाव मथळ्यातल्या नावाशी जुळले पाहिजे. न जुळल्यास काय करायचे तेही मालक सांगून ठेवतो.

याखेरीज 'उलट नोंद' असते. नावावरून आकडा सापडतो हे पाहिले. येथे आकड्यावरून नाव शोधतात. त्यासाठी आकडे उलटे लिहितात: २०३.०.११३.२५ चा शोध २५.११३.०.२०३ असा घ्यायचा. (हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, रंकाळाचा नव्हे.) मुख्य गोष्ट अशी की ही नोंद क्षेत्रनामाच्या मालकाच्या हाती नसते, आकडी पत्ता ज्याने दिला त्या इंटरनेट पुरवठादाराच्या हाती असते.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या बाबतीत कडक धोरण धरले आहे. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा अधिक पत्रे पाठवणाऱ्याला पहिल्या तिन्ही कसोट्या लागतात. आमच्यासारख्या अडतीस पत्रेवाल्यालाही एसपीएफ वा डीकेआयएम यांपैकी एक तरी लागते आणि उलट नोंदही जुळावी लागते.

एक दोष गेला, दिवा लागेना

नोंदवहीतील पूर्ण उत्तर मी आता वाचले: ५५०, आणि त्यापुढे ५.७.२३. हा दुसरा, टिंबांचा आकडा कारण सांगतो. ५.७.२३ म्हणजे एसपीएफची कसोटी उतरली नाही. आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. मे महिन्यात महाविद्यालयाची इंटरनेट जोडणी बदलली होती! नव्या जोडणीबरोबर रंकाळाला नवा आकडी पत्ता मिळाला. नामसूचीतील एसपीएफच्या नोंदीत मात्र जुनाच राहिला. आम्ही स्वतःच जगाला सांगत होतो की, या नव्या पत्त्यावरून आलेली आमच्या नावाची पत्रे खोटी समजा. समोरच्याने आमचे ऐकले, इतकेच.

मी नोंद बदलली, दहा मिनिटे थांबून चाचणीपत्र धाडले. पुन्हा ५.७.२३. मला वाटले, लिहिण्यात चूक झाली. नोंद पूर्ववत केली, दुसऱ्या तऱ्हेने लिहिली, पुन्हा धाडले. तेच. संध्याकाळपर्यंत मी ती नोंद पाच वेळा फिरवली आणि शेवटी कोणते लिखाण खरे होते तेही आठवेना.

चूक कोठे झाली, सांगू शकाल? नामसूचीतील प्रत्येक नोंदीबरोबर एक आयुर्मान दिलेले असते: 'ही इतके सेकंद खरी धरा.' आमच्या नोंदीचे आयुर्मान ८६,४०० सेकंद, म्हणजे पूर्ण एक दिवस होते. समोरच्या संगणकाने सकाळीच जुनी नोंद वाचून जवळ ठेवली होती. दुसऱ्या दिवसापर्यंत तो पुन्हा विचारणारच नव्हता. तापमापी गरम पाण्यात बुडवून लगेच वाचन घेणाऱ्या विद्यार्थ्याचे मी दरवर्षी गुण कापतो. त्या दिवशी माझे कोणी कापायला हवे होते. बरोबर नोंद एकदाच लिहून मी चोवीस तास हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी चाचणीपत्र धाडले. पुन्हा ५५०! नाकारलेच. पण आता पुढचा आकडा होता ५.७.२५. उलट नोंद जुळत नाही.

हे नीट समजून घ्या. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदल दिसत नव्हता. पत्र कालही पोचत नव्हते, आजही पोचत नव्हते. एकसर जोडणीत दोन ठिकाणी तार तुटली असेल, तर एक सांधल्यावरही दिवा लागत नाही. अशा वेळी 'माझी दुरुस्ती चुकली' असे समजून पहिली तार पुन्हा सोडली, तर दोष कधीच सापडणार नाही. पुढे सरकलो हे दिव्यावरून कळत नाही, मीटरवरून कळते. माझ्यासाठी तो मीटर म्हणजे २३ चे २५ होणे.

उलट नोंद बदलण्यासाठी पुरवठादाराशी पत्रव्यवहार करावा लागला. नऊ दिवस गेले. तेवढ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात आली: संभाषणाच्या सुरुवातीला आमचा संगणक 'नमस्कार, मी रंकाळा' असे म्हणतच नव्हता. प्रणाली बसवताना नाव भरायचे राहिले होते, म्हणून तो 'मी लोकलहोस्ट', म्हणजे 'मी मीच', असे सांगत होता. दार ठोठावणाऱ्याने 'कोण?' याला 'मीच' असे उत्तर दिले, तर घरातली आजीसुद्धा कडी काढत नाही. तेथे पूर्ण नाव भरले. नवी उलट नोंदही त्याच नावाची मागितली.

राहिली ४२१ वाली पाच पत्रे. नव्या आकडी पत्त्याची चौकशी केली तेव्हा कळले की, तो एका काळ्या यादीत आहे. उपद्रवी पत्त्यांच्या अशा याद्या काही संस्था ठेवतात. १९९८ पासून चालणारी स्पॅमहाउस ही त्यांतली नामांकित. यादी पाहण्याची युक्तीही सुरेख आहे: आकडे उलटे करून त्यांना यादीचे नाव जोडायचे आणि नामसूचीला विचारायचे. १२७.०.०.२ यासारखे उत्तर आले तर पत्ता यादीत आहे; काहीच सापडले नाही तर तो स्वच्छ आहे. आमच्या हातून तर काहीच उपद्रव झाला नव्हता. पण हा पत्ता आमच्या आधी दुसऱ्या कोणाकडे होता. नव्या खोलीत राहायला जावे आणि कोपऱ्यावरच्या वाण्याने आधीच्या भाडेकरूची उधारी आपल्याकडे मागावी, तसे झाले. यादीवाल्यांना रीतसर अर्ज केला, कारण लिहिले, आणि नाव निघाले.

तुम्हीही पाहा

टपाल-संगणक नसला तरी हे सारे तुम्हाला वाचता येते. संगणकावर आपले जीमेल उघडा, आलेले कोणतेही पत्र घ्या आणि तीन टिंबांच्या यादीतून मूळ पत्र दाखवण्याची आज्ञा द्या. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांचे निकाल दिसतील. खाली 'रिसीव्ह्ड' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी असतील. वाटेतल्या प्रत्येक संगणकाने उमटवलेला तो टपालाचा शिक्का. प्रत्येक नवा शिक्का वरच्या बाजूला बसतो, म्हणून त्या खालून वर वाचायच्या. दोन शिक्क्यांच्या वेळांतील फरक काढा. फरक ऋण आला तर दचकू नका. एखाद्या संगणकाचे घड्याळ मागे असते. वेळेपुढचा '+०५३०' हा आकडा भारतीय प्रमाणवेळ दर्शवतो, '-०७००' असेल तर आधी एकाच वेळेत रूपांतर करा. बँकेचे, शाळेचे आणि जाहिरातीचे अशी तीन पत्रे घेऊन त्यांचे तक्ते शेजारी शेजारी मांडले तर पाहण्यासारखे बरेच काही मिळेल. शिक्षकांनी वर्गात हे जरूर करून पाहावे. मात्र खालच्या बाजूचे शिक्के फसवणारा स्वतः आधीच लिहून ठेवू शकतो. खात्रीचा शिक्का तो, जो आपल्या टपाल-संगणकाने उमटवला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मी पुन्हा २९ चाचणीपत्रे धाडली. नोंदवहीत एकोणतीस वेळा २५० आले. फोन करून विचारले तेव्हा २७ जणांच्या समोरच्या कप्प्यात पत्र होते. सूचनांच्या त्या पत्त्यावर येणारी परतपत्रे आता माझ्या टेबलावरच्या संगणकावर येतात आणि मी ती रोज सकाळी पाहतो. तारीख बदलायची असेल तर फोनही करतो. चंदगडच्या त्या मुलीला तक्ता दाखवला, तेव्हा तिने पहिल्याच नजरेत विचारले, "सर, उरलेली दोन?" ती दोन पत्रे अजूनही अडगळीच्या कप्प्यात जातात. दोन्ही एकाच लहान टपाल-संगणकावरची आहेत, आणि तो २५० च्या पुढे एक शब्द बोलत नाही. त्याच्या चालकाला मी पत्र लिहिले आहे. अर्थात, ते त्याला दिसले असेल तर.